भाजीच्या वाफ्यात मांजरं उकरतात, घाण करतात. त्यांना इजा न करता थांबवायचं कसं?

अंगण_सहकारनगर

नमस्कार मंडळी. पुण्यात सहकारनगरमध्ये तळमजल्याचं घर आहे, मागे अंगण. दोन वाफे, प्रत्येकी १० फूट बाय ४ फूट, आणि भिंतीलगत छज्जाखाली १४ कुंड्या. गणपती झाल्यावर वाफे खणले, शेणखत आणि कोकोपीट मिसळलं, गुलाबांना बोनमील दिलं आणि मेथी, पालक, कोथिंबीर पेरली. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी दोन-तीन ठिकाणी उकरलेलं, विष्ठा पुरलेली, बी उघडं पडलेलं. एक भाटी, एक दांडगा बोका आणि दोन अर्धवट वाढलेली पिल्लं अशी चार मांजरं दिसतात. पाळलेली कोणाचीच नाहीत. मागच्या गल्लीतल्या एक आजी त्यांना दूध-पोळी घालतात.

आतापर्यंत मिळालेले सल्ले: डांबराच्या गोळ्या टाका, काळं फिनाईल शिंपडा, निळ्या पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवा, पोत्यात भरून खडकवासल्याच्या बाजूला सोडून या. शेवटचं तर करणारच नाही. बाकीच्यांबद्दलही मनात शंका आहे.

घरात सूनबाईंना पाचवा महिना आहे, म्हणून विष्ठेची धास्ती जास्त. मांजरांना त्रास व्हायला नको आणि भाजीही खाण्यालायक राहायला हवी. काय आणायचं, किती आणायचं, कसं बसवायचं ते नेमकं सांगाल का?

वाफा_आणि_खुरपं

ताई, मांजराला तुमच्या मेथीशी काही देणंघेणं नाही. त्याला हवी असते कोरडी, बारीक, भुसभुशीत माती, जी पंजाने दोन-तीन इंच सहज उकरता येते आणि परत वर ओढता येते. पावसाळ्यात अंगणातली माती चिकट आणि जड असते, तेव्हा छज्जाखालच्या कोरड्या कुंड्यांवर संक्रांत येते. पाऊस ओसरला, आपण वाफे खणून कोकोपीट घातलं, की मोर्चा तिकडे वळतो. तेव्हा बदलायचा तो मातीचा वरचा थर. वासाचे उपाय दुय्यम.

सगळ्यात खात्रीचा उपाय जाळीचा. षटकोनी भोकांची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी, दुकानात 'चिकन मेश' म्हणून मागा. भोक १ इंचाचं. २ इंचाच्या भोकात पिल्लाचा पंजा जातो आणि अडकतोही, ती घेऊ नका. तार २० किंवा २२ गेजची. २४ गेजची स्वस्त पडते, पण दोनदा उचलली की चुरगळते. रविवार पेठेत बोहरी आळीत ४ फूट रुंदीची जाळी फुटावर कापून देणारे दुकानदार मिळतील. तुमच्या एका वाफ्याला ११ फूट, म्हणजे दोन वाफ्यांना २२ फूट लागेल. टोकांना अर्धा अर्धा फूट जास्तीचा धरलाय तो खाली दुमडायला. कापलेल्या तारेची टोकं वर राहिली तर मांजराचा पंजा आणि तुमची बोटं दोन्ही फाटतात, म्हणून प्रत्येक कापलेली कड आतल्या बाजूला दुमडून पक्कडीने चेपायचीच.

खिळवायला १० गेजच्या जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या यू आकाराच्या पिना करा. दोन्ही पाय ६-६ इंच आणि मधली पाठ २ इंच, म्हणजे एका पिनेला १४ इंच तार. कडेने दर दीड फुटाला एक आणि मध्ये पाच-सहा, अशा एका वाफ्याला २५. पन्नास पिनांना साधारण ५८ फूट तार लागते, वजनावर घ्याल तर सव्वा किलो पुरते. पिन सरळ खाली ठोकू नका, थोडी तिरकी घाला, नाहीतर पाणी घातल्यावर सैल होऊन वर येते.

क्रम असा: माती सपाट करा, पेरा, वर अर्धा इंच माती पसरा, मग जाळी अंथरून पिना मारा. जाळी मातीला चिकटून बसली पाहिजे. मध्ये फुगा राहिला की मांजर तिथे पाय टाकतं, जाळी लवचते आणि खालची कोवळी रोपं मोडतात. मेथी, पालक, कोथिंबीर १ इंचाच्या भोकातून सहज वर येतात. वांगी, मिरची, टोमॅटो लावायचे असतील तर मात्र रोपाच्या जागी ३ इंचांचं भोक कापा, नाहीतर खोड जाड झाल्यावर तार आत रुतते.

काळी नायलॉनची पक्ष्यांची जाळी जमिनीवर अंथरू नका. ती लवचीक असते, मांजर तर गुंततंच, पण धामणीसारखे साप तिच्यात अडकून मरतात. साप मागे फिरू शकत नाही, पुढेच रेटतो आणि खवल्यांत धागा रुततो. पुण्यात अंगणात धामण येणं काही नवं नाही, तिला आपल्या हाताने फास लावायला नको.

आता बोनमीलबद्दल. हाडांच्या चुऱ्याचा वास मांजराला खाण्याचा वाटतो. गुलाबाच्या मुळाशी उकरलेलं दिसत असेल तर तिथे विष्ठा सापडते का, ते पाहा. नसेल तर ते बोनमीलसाठीच उकरलं आहे. मासळीपासून केलेल्या द्रव खताचंही तसंच. या हंगामात दोन्ही बंद करून निंबोळी पेंड आणि चांगलं कुजलेलं शेणखत वापरा. फॉस्फरस कमी पडेल अशी भीती वाटली तर रॉक फॉस्फेट आहे, त्याला मांजर हुंगत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पावसानंतर भिंतीच्या कडेला, कुंड्यांमध्ये खोकली नावाचं तण उगवतं, काही जण त्याला कुप्पी म्हणतात. फूट-दीड फूट उंच, लांब देठाची पानं, कडा करवती, आणि दांडीवर छोट्या हिरव्या वाट्यांसारखी पुष्पपत्रं ओळीने. या झाडाच्या उघड्या मुळाच्या वासाने मांजर वेडं होतं: अंग घासतं, लोळतं, ते सोडून हलत नाही. त्यामुळे खोकली उपटून वाफ्याच्या कडेला टाकली तर आपणच आमंत्रण दिल्यासारखं होतं. मुळासकट उपटा, पिशवीत बांधा, कचऱ्यात द्या आणि ती जागा पाण्याने भिजवा. गवती चहाही पाहा. मांजरं त्याची पाती चावतात, त्यामुळे 'गवती चहा लावला की मांजर येत नाही' यात तथ्य नाही.

कुंड्यांसाठी नारळाची सोडणं उत्तम. तळहाताएवढे तुकडे करून, पाठ वर ठेवून, एकमेकांना चिकटून मांडायचे. एक नारळ ८-१० इंचांच्या कुंडीला पुरतो. नाहीतर २० मिलिमीटरची खडी, दीड-दोन इंच थर. बारीक वाळू किंवा मुरूम चालणार नाही, ते तर मांजराच्या पसंतीचं. कुंडी भिजली आहे का ते कळावं म्हणून खोडापाशी दोन बोटांएवढी जागा मोकळी ठेवा.

गुलाब_बिबवेवाडी

जाळी यायला वेळ लागणार असेल तर तोवरचा उपाय सांगतो. जुन्या खराट्याचे हीर १० इंचांचे कापा, ४ इंच मातीत आणि ६ इंच वर, दर ४ इंचांवर एक. मांजराला उकरायला बसायची, गोल फिरायची जागाच उरत नाही. बोगनवेलीची छाटणी वाफ्यावर पसरली तरी चालते, सगळ्यांकडे असतेच.

पशुवैद्यक_कोथरूड

दादा, हीर चालतील, पण वरची टोकं बोथट ठेवा किंवा वाकवून मोडा. वाकलेलं मांजर आणि वाकलेला माळी दोघांच्याही डोळ्यांची ती उंची आहे. बोगनवेल मात्र नको. काटा पंजाच्या गादीत मोडून आत राहतो, गळू होतं, आणि भटक्या मांजराचा काटा काढणार कोण? ताईंनाही खुरपणी करताना तोच काटा लागेल.

ताई, तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल स्पष्टच सांगते.

डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅप्थलीन. मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, यकृतावर परिणाम होतो. गोळी चाटायची गरज नाही, पंजाला लागली की मांजर पंजा चाटून स्वच्छ करतंच. लहान मुलांनाही ती घातक आहे, आणि मातीत मिसळून ती तुमच्या पालकाशेजारीच राहणार. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. ही द्रव्यं निकामी करून शरीराबाहेर टाकायला यकृतात जी प्रक्रिया लागते ती मांजरात फार दुबळी आहे. म्हणून कुत्र्याला किंवा माणसाला पचेल एवढी मात्राही मांजराला बाधते. निलगिरी तेल, टी ट्री तेल, लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल, कापूर हे सगळं त्याच यादीत. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटीन, सरळ विष. तिखटाची पूड डोळ्यांत जाते, मांजर चोळतं आणि बुबुळाला जखम होते. कॉफीचा चोथाही टाकू नका, कॅफीन मांजराला चालत नाही. संत्र्याच्या ताज्या साली निरुपद्रवी आहेत, पण दोन दिवसांत वाळून वास जातो आणि चिलटं येतात. निळ्या बाटल्यांनी मांजराचं वाईट होत नाही, तसंच तुमचं भलंही होत नाही. एका जागी न हलणाऱ्या वस्तूची भीती मांजराला फार तर एक-दोन दिवस वाटते.

विषप्रयोगाचा विचार कोणाच्या मनात असेल तर कायदाही ध्यानात ठेवावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहेच. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता सूनबाईंबद्दल. धास्ती आहे ती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची. घाबरून जाण्यापेक्षा त्याची चाल समजून घ्या. मांजराला हा संसर्ग बहुधा उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन होतो. पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी पडतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, ती बाधक व्हायला १ ते ५ दिवस लागतात. त्यामुळे आज सकाळची विष्ठा आजच उचलली तर धोका जवळजवळ संपतो. खरा धोका आहे तो मातीत मिसळून गेलेल्या जुन्या विष्ठेचा. ओलसर, सावलीतल्या मातीत ही अंडी वर्षभरही टिकतात. फिनाईल किंवा ब्लीचने मरत नाहीत. उकळत्या पाण्याने मरतात, पण तो उपाय फरशीला आणि रिकाम्या कुंडीला, वाफ्याला नाही.

म्हणून या वर्षी सूनबाईंनी वाफ्यात हात घालू नये. तुम्ही रबरी हातमोजे घाला, विष्ठेसोबत भोवतालची आणि खालची दोन-दोन इंच माती छोट्या फावड्याने उचला, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. घरचं कंपोस्ट अंडी मरण्याइतकं सगळीकडे सारखं तापत नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. कोथिंबीर आपण वरून कच्चीच घालतो, म्हणून ती या वाफ्यात नको. नवीन माती भरलेल्या, झाकलेल्या कुंडीत घ्या. मेथी-पालक वाहत्या पाण्याखाली पानन्‌पान धुऊन, नीट शिजवून खाल्ले तर चालतील, पण माझं मत विचाराल तर या हंगामात वाफ्यांत झेंडू, शेवंती किंवा मांडवावर चढणारा घेवडा लावा. सूनबाईंच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करायची का ते त्या ठरवतील. आणि एवढंही ध्यानात असू द्या की हा संसर्ग कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मांसातूनही होतो. सगळा दोष मांजरावर टाकून मोकळं होता येत नाही.

अंगण_सहकारनगर

मनापासून आभार. बोनमील बंद केलं. खोकली खरंच होती, टाकीच्या मागे चार झाडं, उपटून पिशवीत बांधून दिली. कोथिंबीर कुंडीत हलवते, एका वाफ्यात घेवडा.

दोन प्रश्न राहिले. बोका भिंतीवर आणि कुंड्यांच्या पाठीवर मूत उडवतो, वास जात नाही. आणि येण्याचीच वाट बंद करता येईल का? कंपाउंडची भिंत ५ फूट, फाटकाला उभे गज. बाजारात आवाजाची आणि पाण्याची यंत्रं मिळतात, ती घ्यावीत का?

वायर_आणि_पाणी

आधी वाट शोधा. मांजर रोज नवीन रस्त्याने येत नाही, एक-दोन ठरलेल्या जागांवरूनच येतं. रात्री फाटकाखाली, भिंतीच्या माथ्यावर आणि टाकीजवळ रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरा. सकाळी पंजे उमटलेले दिसतील: चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. नखं दिसली तर ते कुत्रं किंवा मुंगूस. दोन-तीन रात्री हे करा, मगच पैसे खर्च करा.

फाटकातून येत असतील तर काम सोपं. मोठं मांजरही ३-४ इंचांच्या फटीतून निघतं. गजांना आतून २ फूट उंचीपर्यंत तीच १ इंची जाळी तारेने बांधा आणि फाटकाखालची फट दीड इंचाच्या आत आणा.

भिंतीवरून येत असतील तर फिरता पाइप. ५ फुटांची भिंत मांजर उडी मारून, माथ्याची कड पंजाने धरून चढतं. ती कड धरता आली नाही की खाली उतरतं, इजा काही होत नाही. भिंतीच्या माथ्यावर दर ४-५ फुटांवर लोखंडी पट्टी, त्यातून ताणलेली १२ गेजची तार, तारेवर ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि त्यावर ७५ मिलिमीटरचा. बाहेरचा पाइप बोटाने ढकलला तर गरागरा फिरला पाहिजे. तार ढिली राहिली तर पाइप मध्ये बसतो आणि फिरत नाही, म्हणून एका टोकाला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावा. पाइप आणि भिंत यांतलं अंतर दीड इंचाहून जास्त नको. पण हा उपाय सगळी भिंत घेतली तरच चालतो. एक फांदी, एक टाकी, शेजारचा एक पत्रा मोकळा राहिला की मांजर तिथून येणार. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांना आधी विचारा. काचा लावलेली भिंत मात्र कोणी सुचवली तरी करू नका. त्यात मांजराचे पाय चिरतात आणि कधी एखाद्या मुलाचा हात.

आवाजाचं यंत्र: मांजराला माणसापेक्षा कितीतरी उंच स्वर ऐकू येतात, त्यावर ते बेतलेलं असतं. काही मांजरं टाळतात, काही आठवड्यात सरावतात. उंच आवाज झाडांमागे पोचत नाही, आणि लहान मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. यावर पैसे घालू नका.

पाण्याचा फवारा कामाचा आहे, पण पुण्यात तो दोन कारणांनी फसतो. पहिलं, दाब. बाजारातल्या फवाऱ्यांना दीड-दोन बार दाब लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्याने १ बार मिळतो. गच्चीवरची टाकी अंगणापासून ५-६ मीटर वर, म्हणजे जेमतेम अर्धा बार. फवारा नुसता पाझरतो. दुसरं, पाणीकपातीच्या दिवसांत नळाला जोडलेलं काहीच भरवशाचं नाही.

म्हणून पाणी कॅनमधून घ्या. शेतीच्या बॅटरी पंपात असतो तो १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, २० लिटरचा कॅन, एक पंखा नोझल आणि १२ व्होल्टचा पीआयआर स्विच (शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखून चालू होणारा सेन्सर), ज्याची क्षमता पंप ओढतो त्याच्या दुप्पट तरी असावी. पंप ३ अँपिअर ओढत असेल तर ६ अँपिअरचा. वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज टाका. स्विचवरचा वेळ सगळ्यात कमी, साधारण ५ सेकंद. मिनिटाला साडेतीन लिटर देणारा पंप एका फवाऱ्यात सुमारे ३०० मिली पाणी टाकतो, २० लिटरमध्ये साठाहून जास्त फवारे होतात. नोझलची दिशा जमिनीकडे, मांजराच्या पायांशी. तोंडावर नको, आणि पाऊसही नको, फक्त दचकवायचंय.

सेन्सर जमिनीपासून दीड फुटावर, आडवा, मांजर त्याच्या समोरून आडवं जाईल असा लावा. थेट त्याच्याकडे चालत आलं तर तो उशिरा ओळखतो. पावसापासून वाचवायला त्यावर काच किंवा अॅक्रिलिक लावाल तर तो आंधळा होईल, कारण शरीराची उष्णता त्यातून आत येत नाही. वरून नुसतं छप्पर द्या, तोंड उघडं ठेवा. वाऱ्याने हलणारी, उन्हात तापलेली केळीची पानं समोर असतील तर दिवसभर उगाच फवारे उडतील. एप्रिलच्या दुपारी हवाच मांजराच्या अंगाएवढी तापते, तेव्हा सेन्सर मंदावतो. रात्री आणि पहाटे काही अडचण नाही, आणि मांजरं येतातही तेव्हाच.

मुताच्या वासासाठी: आधी साध्या पाण्याने धुवा, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानातलं एन्झाइमचं द्रावण मारा, लेबलवर दिलेला वेळ ओलं राहू द्या, मग वाळू द्या. गिलावा सच्छिद्र असतो, त्यामुळे दोन-तीनदा करावं लागेल. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास मुतासारखाच, बोका पुन्हा खूण करतो. आणि मुतावर ब्लीच ओतू नका, दोन्ही मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो.

मांजरमित्र_पेठा

वर सगळ्यांनी सांगितलं ते बरोबर, पण बोका मूत उडवतोय तो नसबंदी नसल्यामुळे. नसबंदी झाली की बहुतेक बोक्यांचं हे थांबतं किंवा फार कमी होतं, आणि वासाचा उग्रपणाही जातो. भाटीचं तर लगेच बघा. गाभणकाळ नऊ आठवड्यांचा, पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं. तुमच्याकडची दोन अर्धवट वाढलेली पिल्लं त्याच वयाला आली असणार. चारही एकाच फेरीत करा. उचलून दुसरीकडे सोडून काही होत नाही: सोडलेलं मांजर अनोळखी जागी उपासमारीने किंवा भांडणात मरतं, आणि इथे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं. नसबंदी झालेलं जनावर उचललं त्याच जागी परत सोडायचं, हे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचंही तत्त्व आहे.

महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे विचारा, जवळच्या प्राणी संस्थेकडे किंवा खासगी दवाखान्यातही होतं. तारीख आधी ठरवा, मग पिंजरा लावा. उलटा क्रम केला तर मांजर दोन दिवस पिंजऱ्यात अडकून पडतं.

इथेच त्या आजींची मदत मोलाची आहे. त्यांना 'खायला घालू नका' म्हणू नका. त्यांना विनंती करा की रोज एकाच वेळी, एकाच जागी, तुमच्या वाफ्यांपासून लांब घाला आणि अर्ध्या तासाने ताटली उचला. चार-पाच दिवसांत मांजरं घड्याळासारखी येतात. पिंजरा तीन दिवस नुसता उघडा ठेवून त्यातच खाणं द्या. दूध बंद केलं तर बरं, मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात, आणि ते तुमच्याच वाफ्यात. ठरल्या दिवशी आदल्या रात्रीचं खाणं बंद, पहाटे पिंजऱ्यात चिमूटभर सुकट. दार पडलं की लगेच जाड चादर टाका, अंधारात मांजर शांत होतं. पिंजरा सोडून घरात जाऊ नका आणि तो उन्हात ठेवू नका. हाताने धरायचा प्रयत्न तर मुळीच नको. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. भूल देतानाच कानाचं टोक सरळ कापायला सांगा, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

भाटीचं पोट किंवा आचळं सुटलेली दिसली तर आधी पिल्लं कुठे आहेत ते शोधा. वाटा बंद करायच्या आधी हे बघाच. आई बाहेर आणि पिल्लं टाकीमागे अडकली तर ती उपाशी मरतील. आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत ती वाट उघडी ठेवा.

आणि मांजरांना विष्ठेसाठी वेगळी जागा द्या, नाहीतर ती दुसऱ्याच्या वाफ्यात जाणार. अंगणाच्या लांबच्या, झुडपाआडच्या कोपऱ्यात विटांचा ३ फूट बाय २ फूट चौकोन, ६ इंच खोल, त्यात चाळलेली बारीक कोरडी वाळू. साधारण ३ घनफूट, म्हणजे ३५ किलोच्या चार गोण्या. वर ३ फुटांवर पत्रा, तिरका, पागोळ्या बाहेर पडतील असा. खाण्याच्या जागेपासून १० फूट तरी लांब, खाण्याशेजारी मांजर विष्ठा करत नाही. पहिल्या दिवशी वाफ्यातलीच एक विष्ठा त्या वाळूत पुरा, त्याच वासाने जागा कळते. रोज सकाळी चाळणीच्या फावड्याने काढायचं. आळस केला आणि वाळू घाण झाली की मांजर परत वाफ्याकडे वळतं.

पशुवैद्यक_कोथरूड

रोज काढण्याबद्दल दुजोरा. वर सांगितलं तसं अंडी बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे २४ तासांच्या आत उचललेल्या विष्ठेची भीती नाही. विखुरलेल्या ऐंशी चौरस फुटांत शोधण्यापेक्षा सहा चौरस फुटांत ते शक्य होतं. फक्त हे काम सूनबाईंकडे नको.

अंगण_सहकारनगर

आजींशी बोलले. त्या संध्याकाळी सातला आमच्या फाटकाबाहेर ताटली ठेवायला आनंदाने तयार आहेत, पिंजऱ्याच्या दिवशी बरोबरही येणार आहेत. रांगोळीत पंजे फाटकाखालीच उमटले, भिंतीवर एकही नाही, म्हणजे पाइपाचा खर्च वाचला. जाळी आणली. आता एकच: पालक कापताना जाळी काढायची का? आणि खुरपणी कशी करायची?

वाफा_आणि_खुरपं

काढू नका ताई. पालक-मेथी जाळीच्या वर दोन बोटांवर कात्रीने कापा, उपटू नका. उपटली तर मुळं जाळीत अडकून जाळी वर येते. पालक पुन्हा फुटतो. तण लहान असतानाच जाळीच्या भोकातून चिमटीने काढायचं, चार पानांचं होऊ दिलं की निघत नाही. पाणी झारीने, संध्याकाळऐवजी सकाळी. ओली माती मांजराला आवडत नाही हे खरं, पण रात्रभर ओल राहिली तर मेथीची कोवळी रोपं बुडाशी कुजतात, आणि जाळी आहे म्हटल्यावर ओलीचा आधार लागतही नाही. हंगाम संपला की एका कडेच्या पिना काढून जाळी चटईसारखी गुंडाळा, माती झटका आणि वाफा खणल्यावर त्याच दिवशी परत अंथरा. खणलेला वाफा एक रात्रही उघडा ठेवू नका.